ग्रामोफोनची पिन पकडणारा भाग नवीन करून घेतला: जुन्या नाशकातल्या लेथवाल्या काकांचा अनुभव

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. ज्यांच्या घरी चावीचा ग्रामोफोन आहे आणि आवाज नीट येत नाही म्हणून तो शोकेसमध्ये ठेवून दिलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. थोडं लांबेल, पण एवढ्याशा भागावर किती काय अवलंबून असतं ते मलाही दोन महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं, म्हणून सगळंच सांगते.

आमच्याकडे एचएमव्हीचा १०२ आहे. काळा, सुटकेससारखा बंद होणारा, बाजूला चावी. हे मॉडेल १९३१ साली आलं. आजेसासरे देवळाली कॅम्पात कारकून होते, तिथला एक साहेब विलायतेला परत चालला तेव्हा त्याच्या सामानाच्या विक्रीतून त्यांनी हा घेतला, सोबत रेकॉर्डींचा एक लाकडी खोका. पुढे घरच्यांनी त्यात मराठी रेकॉर्डींची भर घातली. आता अण्णा, म्हणजे माझे सासरे, ८१ वर्षांचे आहेत आणि गेल्या दिवाळीला ते म्हणाले की एकदा तरी हा नीट वाजलेला ऐकायचाय. नीट हा शब्द महत्त्वाचा, कारण वाजत तो होताच. पण असा वाजायचा की गायिकेने वरचा सूर लावला की झिणझिण, डब्यात खडा पडल्यासारखी, आणि रेकॉर्ड संपली की पिनेच्या टोकाला काळा भुगा. तो भुगा म्हणजे आपली रेकॉर्ड असते हो. लाखेची तबकडी खरवडून निघत होती.

आधी एका ठिकाणी मुंबईला साउंडबॉक्स पाठवला होता (साउंडबॉक्स म्हणजे पिनेच्या वरचा तो गोल डबा, ज्यात पातळ पडदा असतो). दीड महिना ठेवला, पैसे पूर्ण घेतले, परत आला तर पिनेच्या भोकात कसलीतरी लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) भरून त्यातूनच परत ड्रिल मारलेलं. चार रेकॉर्डी वाजल्या आणि लांबी निघून आली. अण्णा काही बोलले नाहीत, झाकण लावलं आणि आत गेले. मला ते फार लागलं.

काकांचा पत्ता मिळाला सराफ बाजारातून. मंगळसूत्र ओवायला दिलं होतं, तिथल्या दादांशी बोलता बोलता विषय निघाला तर ते म्हणाले आमची सगळी बारीक हत्यारं भद्रकालीकडे एक काका दुरुस्त करतात, त्यांना दाखवून बघा. दुकानाला पाटी नाही, आणि नाव टाकू नका असं काकांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही. एक जुना छोटा लेथ, शिवणयंत्राचे भाग, समयांचे पिळाचे तुकडे, स्टोव्हच्या टाक्या, भिंतीला रांगेने कानशी. मी पिशवीतून साउंडबॉक्स काढला तर हातात पण घेतला नाही त्यांनी. म्हणाले, "ताई, मशीन राहू द्या. आधी रेकॉर्डी दाखवा. कशावर चालवायचंय ते कळल्याशिवाय मी पकड कशी बनवू?"

मला वाटलं टाळतायत. पण दुसऱ्या दिवशी खोक्यातल्या पाच रेकॉर्डी टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन गेले आणि तिथून पुढे जे झालं त्यासाठी मी या माणसाला पाचपैकी पाच देते.

त्यांनी एकेक रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि डोळ्याला सराफी भिंग लावलं. मग मला पण दाखवलं. आपल्या नेहमीच्या एचएमव्हीच्या रेकॉर्डीत खाच (पिन जिच्यातून फिरते ती बारीक रेघ) नागमोडी दिसते, डावीकडे उजवीकडे हलत जाणारी. मोठ्या आवाजाच्या जागी तर नागमोडी अगदी ठळक. पण त्या साहेबाच्या खोक्यातली एक रेकॉर्ड होती, कागदी लेबल नसलेली, मधे नुसती अक्षरं कोरलेली, पॅथे कंपनीची. तिची खाच भिंगातून सरळ दिसत होती, वळणच नाही. मी म्हटलं ही कोरी आहे का. काका हसले, म्हणाले, "ताई, ही पहिली कसाऱ्याची वळणं आहेत आणि ही दुसरी नुसते स्पीडब्रेकर. गाडी वर-खाली होणार, बाजूला नाही."

मग घरी येऊन मी रात्री वाचत बसले. एडिसनने १८७७ साली जो फोनोग्राफ केला त्यात सुई वर-खाली हलायची, खोलीत फरक पडायचा. एमिल बर्लिनरने १८८७ च्या पेटंटमध्ये सुई आडवी हलवली, आणि पुढे त्याच्या वाटेने ग्रामोफोन कंपनी आली, एचएमव्ही आलं. १९०२ साली कलकत्त्याला गायिका गौहर जान यांचं जे रेकॉर्डिंग झालं ते याच आडव्या पद्धतीचं. पॅथेवाले मात्र वर-खालीलाच धरून राहिले. त्यांची खाच रुंद आणि उथळ, त्यावर टोकदार पिन नाही तर नीलमण्याचा छोटा गोल मणी चालायचा, आणि त्यांच्या जुन्या तबकड्या तर मधून सुरू होऊन बाहेरच्या कडेला संपायच्या. म्हणजे अण्णांच्या लहानपणी कोणीतरी ही रेकॉर्ड आपल्या पोलादी पिनेवर लावून "खराब आहे" म्हणून खोक्याच्या तळाला टाकली असणार, आणि खराब ती नव्हतीच, तिला चुकीची पिन चुकीच्या दिशेने लावली होती.

आता मूळ कामाचं. आमच्या साउंडबॉक्सची पकड काकांनी उघडली आणि ती लांबी पूर्ण काढली. भोक मूळचं गोल, साधारण दीड मिलिमीटरच्या पोलादी पिनेसाठी, पण इतक्या वर्षांत स्क्रू एकाच बाजूने दाबून दाबून ते लांबोडकं झालेलं. पिन स्क्रूने आवळली तरी ती एका रेषेवर टेकत होती आणि दुसऱ्या बाजूला केसभर मोकळी. सूर वर गेला की तेवढ्या जागेत थरथरायची. आमची झिणझिण तीच. पडदा बिचारा चांगला होता, मुंबईवाल्यांनी तोच बदलून पैसे घेतले होते.

काकांनी नवीन पकड करताना भोक गोल ठेवलंच नाही, तिकोनी केलं. आधी बारीक ड्रिल, मग सराफांची तिकोनी कानस आत घालून हाताने, दोन दोन घासे, परत भिंग, परत दोन घासे. मी स्टुलावर बसून अर्धा तास बघत होते. तिकोनी का, तर गोल पिन त्यात बसवली की दोन भिंतींना टेकते आणि तिसऱ्या बाजूने स्क्रू दाबतो, म्हणजे तीन ठिकाणी धरली गेली, हलायला जागाच नाही. आणि दुसरा फायदा असा की बांबूच्या पिना तिकोनीच असतात, त्याही याच भोकात बसतात. बांबूच्या पिना शंभर वर्षांपूर्वीपासून मिळायच्या, रेकॉर्ड कमी झिजते, आवाज थोडा मऊ येतो, बोथट झाली की टोक तिरकं कापून परत वापरायची. जुन्या अमेरिकन मशीनच्या पकडी पण मुद्दाम अशा पिनांसाठी बदलल्या होत्या हे मी नंतर वाचलं. काकांनी मात्र ते वाचून केलं नव्हतं, मी आणलेल्या बांबूच्या पिनेचा तिकोनी आकार बघून केलं.

पहिला प्रयत्न फसला, तेही लिहिते कारण त्यातूनच मला सगळ्यात जास्त कळलं. पहिली पकड त्यांनी भरीव पितळेची केली होती, दिसायला इतकी सुंदर की काढू नये वाटेल. घरी लावली तर झिणझिण पूर्ण गेली पण गाणं जसं काही गोधडीखालून येतंय. शब्दातले स, श, च सगळे बोथट. परत घेऊन गेले. काकांनी पकड तळहातावर दोनदा उडवून बघितली आणि स्वतःच म्हणाले, "जड झाली. जिभेला वजन बांधलं तर माणूस कसा बोलेल." पिन सेकंदाला हजारो वेळा हलत असते, तिच्यासोबत पकड आणि तिला पडद्याशी जोडणारी दांडी पण हलते, ती जितकी जड तितकी बारीक हालचाल पडद्यापर्यंत पोचत नाही. दुसरी पकड पोलादाची केली, भिंती पातळ, जिथे जोर येत नाही तिथलं सगळं कानशीने उतरवून टाकलेलं. त्या दुसऱ्या पकडीचे पैसे घेतले नाहीत. मी देत होते, म्हणाले चूक माझी, तुमची नाही.

बसवण्याचं काम पण सांगते, कारण इथे बरेच जण घाई करतात. पकडीची दांडी पडद्याच्या मध्याला जिथे जोडलेली असते तिथे ती सैल असताना नुसती टेकली पाहिजे, ओढून किंवा दाबून बसवली तर पडदा आधीच ताणलेला राहतो. काकांनी स्क्रू सोडून, दांडी सोडून, परत आपोआप मध्यावर येतेय का ते चार-पाच वेळा बघितलं, मगच आवळली आणि जोडावर मधमाशीच्या मेणाचा बारीक थेंब. मग टर्नटेबलवर आरशाचा एक तुकडा ठेवला आणि फिरती थाळी बंद असताना पिन हळूच त्यावर टेकवली. समोरून बघितलं तर पिन आणि आरशातली पिन एका सरळ रेषेत आली पाहिजे. आमची थोडी डावीकडे मोडलेली दिसत होती, म्हणजे पिन खाचेत तिरकी उभी, एकच भिंत खात होती. साउंडबॉक्स किंचित फिरवून रेष सरळ केली. बाजूने बघताना पिन साधारण ६० अंशात झुकलेली हवी, तेही बघितलं. एवढ्या साध्या गोष्टी आहेत, आरसा तर प्रत्येकाच्या घरी असतो, आजच बघा तुमच्या मशीनवर.

पॅथेच्या रेकॉर्डीसाठी वेगळी सोय लागणार होती. नेहमीच्या स्थितीत साउंडबॉक्सचं तोंड बाजूला असतं, त्यामुळे पिनेची आडवी हालचाल पडद्याला ढकलते. वर-खालीच्या रेकॉर्डीला साउंडबॉक्स पाव फेरा वळवून तोंड आपल्याकडे आणावं लागतं, मग पिन वर उचलली गेली की दांडी पडद्याला ढकलते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतल्या ब्रन्सविक कंपनीने अल्टोना नावाचा साउंडबॉक्स काढला होता, तो फिरवून सगळ्या प्रकारच्या रेकॉर्डी एकाच मशीनवर वाजायच्या. त्याचा फोटो मी फोनवर दाखवला, काकांनी तो बोटांनी मोठा करून करून पाहिला आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने एक वाकडी नळी काढली. पितळी नळीचा काटकोनी तुकडा, एक टोक ग्रामोफोनच्या हाताला, दुसरं साउंडबॉक्सला, दोन्हीकडे रबर. मूळ मशीनला कुठेही छिद्र नाही, कापाकापी नाही, काढलं की मशीन जसंच्या तसं. ही अट मी पहिल्या दिवशीच घातली होती आणि ती त्यांनी पाळली.

नीलमण्याची पिन कुठून आणायची हा प्रश्न होता, तर ती आमच्याच खोक्याच्या तळाशी पत्र्याच्या डबीत निघाली! आम्ही सगळे तिला मोडकी पिन समजत होतो कारण तिला टोक नाही. काकांनी भिंगातून बघून सांगितलं की टोकाला मणी आहे आणि एकही चरा नाही. तिची दांडी त्या तिकोनी भोकात बरोबर बसली.

आता तक्रारी, कारण खरं लिहायचं तर तेही लिहिलं पाहिजे. एक, वेळ. पंधरा दिवस म्हणाले आणि पाच आठवडे लागले. मधे फोन उचलत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागतं, आणि भद्रकालीत गाडी लावणं म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको, मी शालिमारला लावून चालत जायचे. दोन, पकडीचा स्क्रू. पहिल्यांदा त्याचं डोकं इतकं छोटं आणि गुळगुळीत केलं होतं की अण्णांच्या बोटांना धरताच येईना. पोलादी पिन प्रत्येक बाजूला नवीन लावायची असते, म्हणजे एका रेकॉर्डीला दोनदा स्क्रू सोडायचा आणि आवळायचा, ते ८१ वर्षांच्या हाताला जमलंच पाहिजे. सांगितल्यावर डोकं मोठं करून नर्लिंग (पकडायला कडेने बारीक खाचा) करून दिलं, आता अण्णा चष्म्याशिवाय पिन बदलतात. पण हे आधी विचारायला हवं होतं असं मला वाटतं. तीन, ती काटकोनी नळी अजून शंभर टक्के नाही. नळीने साउंडबॉक्सची जागा बदलते त्यामुळे रेकॉर्डीच्या अगदी बाहेरच्या भागात पिन थोडी तिरकी चालते आणि शेवटच्या दोन बोटांच्या पट्ट्यात कधी कधी उडते. काका म्हणालेत नळी थोडी आखूड करून देतो. पावती मिळत नाही, हवी असेल तर आधीच बोलून घ्या.

खर्च असा झाला: पकड आणि पूर्ण बसवणी १८०० रुपये, काटकोनी नळी १२०० रुपये. मुंबईला याच्यापेक्षा जास्त गेले होते आणि हाती काही लागलं नव्हतं.

काय काम ते घेत नाहीत हेही सांगते, कारण मला त्याच गोष्टीमुळे त्यांच्याबद्दल जास्त विश्वास वाटला. आमच्या शेजारच्या वहिनी त्यांच्या एलपी घेऊन माझ्यासोबत आल्या, याच्यावर वाजेल अशी पिन करून द्या म्हणून. काकांनी हात जोडले. एलपी १९४८ साली आली ती विनाइलची, तिची खाच ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या आपल्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डीच्या) खाचेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाची, आणि चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स पिनेवर शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो. चांगल्या इलेक्ट्रिक प्लेअरची पिन दोन-तीन ग्रॅमवर चालते. एकदा फिरवली की एलपी गेली. कितीही बारीक पिन केली तरी भार तोच राहणार, त्यामुळे पैसे घेऊन नुकसान करणार नाही म्हणाले. एडिसनच्या जाड डायमंड डिस्कबद्दल मी उत्सुकतेने विचारलं होतं, त्या पाव इंच जाड असतात आणि १९१२ पासून निघाल्या. त्यांच्या मशीनमध्ये हात पुढे सरकवायला वेगळी यंत्रणा असते आणि हिऱ्याची सुई लागते, हे मी वाचून सांगितल्यावर काका म्हणाले मग ते काम माझं नाही, आणि असं काही घरी असलं तर त्यावर पोलादी पिन टेकवू पण नका.

आणि एक, पोलादी पिन परत परत वापरू नका, प्लीज. लाखेच्या रेकॉर्डीत मुद्दाम दगडाची बारीक पूड घातलेली असते, ती पहिल्या काही फेऱ्यांत पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. एक बाजू संपेपर्यंत त्या टोकाला धारदार कडा आलेल्या असतात. तीच पिन दुसऱ्या रेकॉर्डीवर टेकवली की ती कड खाच कापत जाते. पकड कितीही चांगली केली तरी हे कोणी थांबवू शकत नाही, शंभर पिनांचं पाकीट फार महाग नसतं, रेकॉर्ड मात्र परत मिळत नाही.

काम झाल्यावर पहिला रविवार. अण्णांनी स्वतः चावी भरली, स्वतः पिन लावली. पहिली लावली द. वि. पलुस्करांची भजनाची रेकॉर्ड. पलुस्करांचा जन्म १९२१ सालचा, आपल्या नाशिकचा, आणि अण्णांच्या वडिलांना त्याचा फार अभिमान होता. नवीन पोलादी पिन, मध्यम आवाजाची. सुरुवातीची खरखर आहे, ती राहणारच, ती रेकॉर्डीचीच आहे. पण सूर वर गेला आणि झिणझिण आली नाही. आम्ही सगळे नेमक्या त्या जागेची वाट बघत होतो, अण्णांचा हात तर सवयीने साउंडबॉक्सकडे गेला होता, दाबून धरायला. हात तसाच वर राहिला. मग मधे एका ठिकाणी बुवांनी श्वास घेतला तो ऐकू आला. अण्णा म्हणाले, "हा श्वास मी कधी ऐकलाच नव्हता, पन्नास वर्षं ही रेकॉर्ड ऐकतोय." सासूबाईंनी गॅस बंद केला आणि ओट्यापाशीच उभ्या राहून ऐकलं.

पॅथेची रेकॉर्ड दुपारी लावली. वेग वाढवावा लागला, कारण त्यांच्या जुन्या तबकड्या ७८ पेक्षा जास्त, ९० च्या आसपास फिरायच्या, आमच्या मशीनचा काटा अगदी टोकाला नेला. पिन मधे टेकवली आणि ती बाहेर बाहेर जायला लागली, लेकीला ते इतकं आवडलं की तिने तीनदा लावायला लावली. बँड आहे, तुताऱ्या आणि ड्रम, आवाज बेताचाच पण स्वच्छ. देवळालीच्या त्या साहेबाने ऐकली असेल तशीच, एवढ्या वर्षांत आमच्या घरात ती पहिल्यांदा वाजली.

जायचं असेल तर सराफ बाजारात हत्यारं दुरुस्त करणारे काका म्हणून विचारा, कोणीही सांगेल. सकाळी अकराच्या आधी नाही, आणि बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे गोदावरीकाठच्या) बाजारात जुने स्क्रू-तुकडे शोधायला गेलेले असतात त्यामुळे दुपारपर्यंत बंद. नुसता साउंडबॉक्स नेऊ नका, फोनवरचा फोटोही चालत नाही. रेकॉर्डी सोबत न्या, उभ्या धरून, टॉवेलात गुंडाळून, आणि खोक्याच्या तळाशी पडलेली एखादी बिनटोकाची पिन असेल तर तीही.